आज्ञा कुणाची पाळायची?

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शाळेच्या पुस्तकातला एक धडा, पांढरं लुगडं नेसलेल्या, केस आखूड कापलेल्या बाईंचा एक फोटो, आणि परीक्षेपुरती पाठ केलेली दोन नावं: शारदा सदन आणि मुक्ती मिशन. त्याच्या पलीकडे बाईंच्या आयुष्यात एक मोठा पेच होता, तो मात्र धड्यात येत नाही. सगळं सोडून देवाच्या आणि माणसांच्या सेवेला लागायचं ठरलं, तरी कुणाच्या घरात राहून ती सेवा करायची? आणि त्या घरात शब्द कुणाचा चालणार?

मला हा पेच आठवला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. मी चामोर्शी तालुक्यातली, मार्कंड्याच्या परिसरात आयुष्य काढलेली मराठीची शिक्षिका. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगल भागात सिस्टर्सचे दवाखाने, शाळा, वसतिगृहं आहेत. अशाच एका वसतिगृहात राहून शिकलेली ही कॅथलिक घरातली पोरगी. तिनं सिस्टर व्हायचं ठरवलं होतं. घरच्यांची हरकत नव्हती. अडचण निराळीच. तिच्यापुढे तीन संघ होते. एकाचं काम दवाखान्याचं, दुसऱ्याचं शाळांचं, आणि तिसऱ्यातल्या सिस्टर्स मठाबाहेर फारशा पडतच नाहीत, प्रार्थना हेच त्यांचं काम. बाई, ह्यातलं कोणतं घर माझं, असं तिनं मला विचारलं.

मी त्या धर्माची नाही, मी काय सांगणार? पण मराठी मुलखात हाच प्रश्न एका बाईनं एकोणिसाव्या शतकातच स्वतःला विचारला होता, आणि त्याचं उत्तर शोधताना जवळची माणसंही दुखावली होती. म्हणून तिला मी रमाबाईंची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, देवळाच्या आवारात पुराण सांगत फिरायचं. महाशिवरात्रीला आमच्या मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी पोथी मांडून बसलेला कुणी पुराणिक दिसला की मला हटकून ते कुटुंब आठवतं. आईनं, लक्ष्मीबाईंनी, ह्या मुलीला संस्कृत शिकवलं. मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास आधी वडील, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं पायी देशभर हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

पुढची चार वर्षं वाचताना दम लागतो. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवराही गेला. चोवीस वर्षांची बाई, कडेवर मूल, माहेर नाही, सासर नाही. अशा बाईनं पुण्याला येऊन त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, की बायकांना शिकवायला बायकाच शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात.

आपणच डॉक्टर व्हावं हे तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं. पुण्यात वाँटेज नावाच्या इंग्लंडातल्या गावाहून आलेल्या सिस्टर्स काम करत होत्या. त्यांच्या ओळखीनं रमाबाई १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन इंग्लंडला निघाल्या. ह्या सिस्टर्स रोमन कॅथलिक नव्हेत, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या. पण जगणं कॅथलिक सिस्टर्ससारखंच. अंगावर लांब झगा, दिवसाच्या ठरलेल्या वेळी प्रार्थना, आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं. त्यांचा हा संघ १८४८ मध्ये स्थापन झालेला.

रमाबाई काही सिस्टर व्हायला गेल्या नव्हत्या. पण त्या घरात राहिल्या, तिथलं अन्न खाल्लं आणि तिथली शिस्त जवळून पाहिली. कान अधू झाल्यामुळे डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला. त्यांच्यासोबत गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी तर तिथे आयुष्यच संपवलं. परक्या देशात एवढ्या धक्क्यातून जात असताना रमाबाईंना आधार कुणाचा? ह्या सिस्टर्सचाच.

लंडनजवळ फुलहॅमला ह्याच सिस्टर्सचं एक घर होतं. समाजानं वाईट ठरवून टाकलेल्या बायकांना तिथे सांभाळलं जायचं, काम शिकवलं जायचं. रमाबाई ते पाहून हलल्या. आपल्याकडे अशा बाईला दार बंद, आणि इथे तिच्या जखमा धुवायला कुणीतरी आहे! आधी मराठी पंडित असलेल्या फादर नेहेम्या गोरे ह्यांचं लिखाणही त्या वाचत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

खरी गोष्ट इथून सुरू होते, मैत्रिणींनो. सिस्टर जेराल्डीन ह्या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांचा जीव होता रमाबाईंवर. पण धर्ममातेला वाटायचं की लेकीनं आता ऐकावं, आणि लेकीला तर प्रत्येक गोष्टीचं कारण हवं. रमाबाईंनी मांसाहार केला नाही. अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालेना. सिस्टरना त्यात जातीचा जुना ताठा दिसला. रमाबाईंचं म्हणणं, ही माझी सवय आहे, ह्यानं देवाचं काय अडतं? गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझ्या देशातल्या बायकांना ती कळत नाहीत, त्यापेक्षा संस्कृत असू द्या, हा त्यांचा आग्रह. चर्चची काही शिकवण त्यांच्या बुद्धीला पटेना, तर पटली असं त्या म्हणायला तयार नव्हत्या.

मग १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. शिकायच्या आणि संस्कृत शिकवायच्याही. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील ह्यांनी त्यांचे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले. पण रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं निघताच हिंदुस्थानातल्या बिशपांनी नाक मुरडलं. भारतात परतल्यावर हिची बदनामी होईल, असं त्यांचं म्हणणं. भर सभेत पंडितांपुढे बोललेल्या बाईला हे! ज्या मायदेशात आपण कसं वागावं हे आपल्याला ठाऊक आहे, त्याबद्दल परक्यांनी परस्पर ठरवावं हे त्यांना सोसलं नाही. देवाची आज्ञा पाळीन, पण प्रत्येक पुजाऱ्याचा शब्द म्हणजे देवाचा शब्द असं मानणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा रोख होता. हिंदू धर्मातल्या पुरोहितांच्या धाकातून सुटून दुसऱ्या पुरोहितांच्या धाकात त्यांना जायचं नव्हतं.

ख्रिस्ती धर्मातले नाना पंथ पाहून त्या गोंधळूनही गेल्या. प्रत्येक जण आपलंच खरं म्हणणारा. त्यांनी पंथांच्या भांडणात न पडता ख्रिस्त तेवढा घेतला आणि कुठल्याही एका घराण्याची मोहोर स्वतःवर उमटू दिली नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी. तिथे पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, पैसे उभे केले. १८८७ च्या शेवटी बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पहिल्या मुलींतली एक गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे.

पण घर स्वतःचं काढलं म्हणजे कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, असं थोडंच असतं? पैसे अमेरिकेचे, अट धर्म न शिकवण्याची. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि मुली येऊन बसायच्या. १८९३ मध्ये वादळ उठलं. सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी की मी कुणाला बोलावलं नाही. विरोधकांची बाजू अशी की आसऱ्याला आलेल्या मुलीला आसरा देणाऱ्या बाईचं उघडं दार हे बोलावणंच. मला दोन्हीत तथ्य वाटतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा ह्याच प्रांतात मोडायचा. स्वतःचे आईबाप भुकेनं गेलेले पाहिलेली ही बाई तिथून सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आली. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांहून जास्त बायका-मुली होत्या. शेती, माग, दूधदुभतं, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. फुलहॅमला पाहिलेलं घर त्यांनी केडगावात बांधलं, फक्त किल्ली वाँटेजची नव्हती.

आता आणखी एक, जे आपण लिहायला कचरतो. केडगावात आज्ञा कुणाची? रमाबाईंची! सिस्टर जेराल्डीनशी हिरिरीनं भांडलेली बाई स्वतःच्या घरी कडक शिस्तीची होती. आणि लेक मनोरमा? लहानपणी ती काही काळ वाँटेजच्या सिस्टर्सजवळ राहिली. तिच्यावर कोणते संस्कार व्हावेत ह्यावरूनही आई आणि धर्ममाता ह्यांच्यात ओढाताण झाली. मोठेपणी मनोरमानं सगळं आयुष्य आईच्या कामाला दिलं. तिची प्रकृती ढासळली आणि जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी ती गेली. ह्या निवडीत मनोरमाची स्वतःची निवड किती होती, हा प्रश्न मला टोचत राहतो.

आमच्या त्या विद्यार्थिनीला हे सगळं सांगून मी म्हटलं, दवाखाना की शाळा हे नंतर बघ. आधी बघ की तिथे प्रश्न विचारलेला चालतो का. वरिष्ठ कोण, ती कशी निवडली जाते, किती वर्षांसाठी? बदली कुठेही होईल, ते तुला झेपेल का? आजारी सिस्टरला कसं सांभाळतात? वयस्क सिस्टर्सचे चेहरे कसे आहेत? चार दिवस राहून ये आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बस.

तिनंच मला मग सांगितलं की कॅथलिक चर्चच्या कायद्यात घाईला जागा नाही. नोव्हिस होण्यासाठी सतरा वर्षं पूर्ण हवीत. नोव्हिसपण निदान १२ महिन्यांचं, आणि त्या काळात ती कधीही घरी जाऊ शकते. संघालाही तिला परत पाठवता येतं. मग पहिली व्रतं ठरावीक मुदतीची, निदान तीन वर्षांची. कायमची व्रतं २१ वर्षांच्या आत घेताच येत नाहीत. आपल्याकडे मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात तासाभरात लग्न ठरतं, ते आठवून मला हसू आलं. आणि कायमच्या व्रतांनंतरही वाट निघते. मदर तेरेसा १९२८ मध्ये लोरेटो संघात आल्या, १९३७ मध्ये कायमची व्रतं घेतली आणि तरी १९४८ मध्ये रीतसर परवानगी घेऊन बाहेर पडल्या. १९५० मध्ये त्यांच्या नव्या संघाला मान्यता मिळाली. त्यांनी आज्ञेत राहून वाट काढली, रमाबाईंनी आज्ञा नाकारून. दोघींनाही किंमत मोजावी लागली.

रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन ह्यांची वाट वेगळी झाली तरी सिस्टरनी तो पत्रव्यवहार जपून ठेवला, स्वतःला बोचणारी पत्रंसुद्धा. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं तो १९७७ मध्ये पुस्तकरूपानं छापला. भांडणाऱ्या लेकीची पत्रं जपणाऱ्या त्या बाईबद्दल मला आदर वाटतो.

रमाबाईंनी शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं ते १९२४ मध्ये. लॅटिन अक्षरांचा क्रूस नको म्हणणारी बाई आपला धर्म अखेर आपल्या भाषेत लिहून गेली.