विरजणात दीर्घायुष्य शोधणारा शास्त्रज्ञ

सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर हल्ली ‘लॅक्टोबॅसिलस फर्मेंट’, ‘बिफिडा फर्मेंट लायसेट’ अशी नावे वाचायला मिळतात. काही जिवाणू माणसाच्या उपयोगी पडतात, या विचाराला विज्ञानात वजन मिळवून देणाऱ्यांत एली मेचनिकॉफ अग्रणी होते.

त्यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळ झाला. १८७३ मध्ये पहिली पत्नी क्षयाने गेली. ते इतके खचले, की आयुष्य संपवायला निघाले होते. त्यातून सावरून ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळले. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती पेशींचा घोळका जमला होता. शरीरातील भक्षक पेशी घुसखोरांना गिळतात, हा सिद्धांत त्यातून उभा राहिला. त्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिक यांच्यासह मिळाले.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. मोठ्या आतड्यातील कुजवणारे जिवाणू विषारी द्रव्ये तयार करतात आणि त्यामुळे म्हातारपण लवकर येते, असे त्यांचे मत बनले. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी दही भरपूर खातात, हे त्यांच्या कानावर आले होते. त्या दह्यातील जिवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये शोधला. मेचनिकॉफ स्वतः रोज आंबवलेले दूध घेऊ लागले. पाठोपाठ बाजारात जिवाणूंच्या गोळ्याही आल्या. पुरावा मागे राहिला, विक्री पुढे गेली. हा जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही, हे पुढे दिसून आले. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

आजच्या क्रीमबाबतही तीच सावधगिरी हवी. त्यात सहसा जिवंत जिवाणू नसतात. परिरक्षक त्यांना जगू देत नाहीत. ‘लायसेट’ म्हणजे फोडलेल्या जिवाणूपेशींचा अर्क. कोरडेपणा, लालसरपणा कमी झाल्याचे काही छोट्या चाचण्यांत आढळले आहे. पण जिवाणूचा वाण आणि प्रमाण बदलले की परिणामही बदलतो. त्यामुळे एका क्रीमचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही. इसब किंवा चिघळलेली त्वचा असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मेचनिकॉफ यांचा प्रश्न मोलाचा होता. उत्तराची मात्र बाजाराला घाई झाली होती.