पीटर मार्क रोझे : शब्दांची मांडामांड करणारे डॉक्टर

आठवीच्या एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. व्याकरणाच्या प्रश्नात ‘पाणी’ या शब्दाचा समानार्थी शब्द विचारला होता. दिलेल्या पर्यायांतून त्याने ‘उदक’ निवडला आणि त्याला पूर्ण गुण मिळाले. त्याच उत्तरपत्रिकेतील निबंधात त्याने लिहिले होते की, आजोबा उन्हातून घरी आले आणि आईने त्यांना उदक दिले. तेथे मात्र लाल रेघ ओढलेली होती. रेघ ओढणारा हात आणि गुण देणारा हात एकच होता. एका पानावर जे बरोबर ते दुसऱ्या पानावर चूक कसे, असे मुलाने विचारले असते, तर आम्हा शिक्षकांपाशी नेमके उत्तर नव्हते. संकल्पाच्या वेळी तळहातावर घेतले जाते ते उदक आणि माठातून दिले जाते ते पाणी, हा भेद त्याला कोणत्याच यादीने सांगितला नव्हता.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या शाळेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपली मुले मराठीत शिकतात आणि रस्त्यावर हिंदीत बोलतात. ‘शिक्षा’ या शब्दाला समानार्थी म्हणून ‘दंड’ लिहायचे की ‘शिक्षण’, येथे ती हमखास अडखळतात. हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी लिहावे असे ठरले, तेव्हा समानार्थी शब्दांच्या मांडणीसाठी निम्मे आयुष्य वेचणाऱ्या एका गृहस्थांचे चरित्र सांगावे असे मला वाटले. आमच्या महाविद्यालयात त्यांच्या ग्रंथाला ‘रॉजेटचा थिसॉरस’ म्हणत असत. आडनाव फ्रेंच वळणाचे असल्यामुळे खरा उच्चार रोझे असा आहे, हे मला बी.एड.ला असताना कळले.

पीटर मार्क रोझे यांचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजी लंडन येथे झाला. वडील जीन रोझे हे जिनिव्हाहून आलेले धर्मोपदेशक. पीटर अवघे चार वर्षांचे असताना वडील क्षयाने गेले. आई कॅथरीन हिने मुलगा व मुलगी यांना घेऊन अनेक बिऱ्हाडे बदलली. सततच्या स्थलांतरात या अबोल मुलाला एक विरंगुळा सापडला होता, तो म्हणजे याद्या करण्याचा. शब्दांच्या, वस्तूंच्या, विषयांच्या याद्या तो वहीत उतरवीत असे. पुढे आईने एडिंबरो गाठले. तेथील विद्यापीठात चौदाव्या वर्षी प्रवेश घेऊन १७९८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पीटर वैद्यकशास्त्राचे पदवीधर झाले.

एवढ्या कोवळ्या वयाच्या डॉक्टरकडे रुग्ण कोण येणार? काही काळ त्यांनी ब्रिस्टल येथे डॉ. बेडोज यांच्या संस्थेत काम केले. हंफ्री डेव्ही तेथे नायट्रस ऑक्साइड या वायूवर प्रयोग करीत होते. पुष्कळांना तो हुंगून हसू फुटे. रोझे यांनीही तो हुंगून पाहिला. त्यांना मात्र त्यात काहीच सुख वाटले नाही, आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. पुढे मँचेस्टरच्या एका सूतगिरणी मालकाच्या दोन मुलांचे शिक्षक म्हणून ते युरोपच्या प्रवासाला निघाले. १८०३ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा हे तिघे जिनिव्हात होते आणि जिनिव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होते. नेपोलियनने इंग्रज पुरुषांना अटक करण्याचा हुकूम काढला. वडिलांच्या जन्मगावाचे नागरिकत्व सिद्ध करून रोझे यांनी स्वतःची सुटका करून घेतली आणि जर्मन मुलखातून मुलांना सुखरूप परत आणले. वडिलांनी मुलासाठी दुसरे काही मागे ठेवले नव्हते. ते आडनाव मात्र नेमके वेळेवर कामी आले.

१८०४ मध्ये मँचेस्टरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. लेखन व व्याख्याने यांचे काम वाढले आणि त्यांना स्वतःची एक उणीव जाणवू लागली. मनात कल्पना स्पष्ट असे, पण तिला साजेसा शब्द वेळेवर सुचत नसे. हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? त्यांनी त्यावर स्वतःपुरता इलाज केला. १८०५ साली अर्थानुसार वर्गवारी केलेली शब्दांची एक लहानशी वही तयार केली आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ती हाताशी ठेवली. ती छापावी असे तेव्हा त्यांच्या मनातही नव्हते.

१८०८ साली ते लंडनला आले. त्यापुढील चाळीस वर्षांत त्यांनी इतकी कामे केली की शब्दकोशाशिवायही त्यांचे नाव राहिले असते. १८१४ साली त्यांनी घात व मुळे काढण्यास सोयीची अशी नवी सरकपट्टी तयार केली आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. खिडकीच्या उभ्या फटींतून पाहताना धावत्या गाडीच्या चाकाचे आरे वाकलेले का दिसतात, यावर १८२४ साली त्यांनी निबंध वाचला. चलच्चित्राच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो. लंडनच्या पाणीपुरवठ्याची चौकशी करणाऱ्या आयोगावरही ते होते. १८२७ पासून सुमारे एकवीस वर्षे त्यांनी रॉयल सोसायटीचे सचिवपद सांभाळले.

घरात मात्र दुःख पाठ सोडीत नव्हते. कायदेसुधारक म्हणून नावाजलेले मामा सॅम्युएल रोमिली यांचा त्यांना पित्यासारखा आधार होता. १८१८ साली पत्नीच्या निधनाने रोमिली कोलमडले. डॉक्टर म्हणून भाचे त्यांची देखरेख करीत होते, आणि त्याच दिवसांत मामांनी स्वतःचे जीवन संपवले. रोझे यांच्या मनावर हा आघात फार काळ राहिला. आईचे मनही उत्तरायुष्यात स्थिर राहिले नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी विवाह केला. पत्नी मेरी १८३३ मध्ये कर्करोगाने गेली आणि दोन लहान मुले मागे राहिली. असा मनुष्य शब्दांना जागच्या जागी ठेवण्यात दिलासा शोधत असेल, असे काही चरित्रकारांनी सुचवले आहे. हा तर्कच आहे; तरी मला तो पटतो.

१८४८ साली सचिवपदावरून निवृत्त झाल्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी ती जुनी वही पुन्हा उघडली. चार वर्षांच्या परिश्रमानंतर १८५२ मध्ये लाँगमन या प्रकाशनसंस्थेने ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला. तेव्हा ग्रंथकर्ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.

या ग्रंथाची रचना पालकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. त्यात शब्द वर्णानुक्रमाने येत नाहीत. अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना असे सहा मोठे वर्ग आहेत आणि त्यांच्या पोटात एक हजार शीर्षके आहेत. (हिंदीच्या सवयीने आपली मुले ‘अवकाश’ म्हणजे सुट्टी समजतील, तो भाग वेगळा!) एखाद्या कल्पनेचे शब्द एका स्तंभात आणि तिच्या विरुद्ध कल्पनेचे शब्द शेजारच्या स्तंभात मांडलेले आहेत. शेवटी वर्णानुक्रमे सूची आहे, ती केवळ वाट दाखवण्यापुरती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्याही शब्दाचा अर्थ त्यात दिलेला नाही. समानार्थी भासणाऱ्या शब्दांतील भेद उलगडणारा जॉर्ज क्रॅब यांचा कोश १८१६ पासून उपलब्ध होता. ते काम आपले नव्हे, असे रोझे यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. वाचकाला भाषा येते, शब्दांच्या छटा त्याला ठाऊक आहेत, फक्त या क्षणी शब्द आठवत नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते. एका ओळीत बसवले म्हणून ते शब्द एकमेकांच्या जागी चालतील, असा त्यांचा दावा कधीच नव्हता. आपण परीक्षेसाठी नेमके तेच गृहीत धरतो. कोशातील शेजारी आपण एकमेकांचे जुळे भाऊ मानतो.

त्याच प्रस्तावनेत आपल्या अमरसिंहाचाही उल्लेख आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. अशा प्रकारचा सर्वांत जुना प्रयत्न म्हणून रोझे यांनी अमरकोशाचे नाव घेतले आहे. कोलब्रुक यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८०८ साली सेरामपूर येथे छापला गेला होता. अमरकोशातील वर्गवारी, विशेषतः मनोव्यापारांच्या शब्दांची, अपुरी व गोंधळाची आहे, असा शेराही त्यांनी मारला आहे. येथे मात्र मी रोझे यांच्याशी सहमत नाही. अमरकोश पद्यात आहे, तो मुखोद्गत करण्यासाठी आहे, आणि त्यात प्रत्येक नामाचे लिंगही सांगितलेले आहे. कंठस्थ कोशाला कागदावरील कोशाची फूटपट्टी लावणे न्याय्य नव्हे. शिवाय अमरकोश पाठ करून घेणारे गुरुजी पुढे काव्यही शिकवीत, त्यामुळे कोणता शब्द कोठे शोभतो हे शिष्याला वाचनातून उमजत असे. आपण मुलांना यादी देतो आणि पुढचे काव्य विसरतो.

ग्रंथाचे रोझे यांच्या हयातीत पंचवीसहून अधिक वेळा मुद्रण झाले, आणि ते अखेरपर्यंत त्यात भर घालीत राहिले. १२ सप्टेंबर १८६९ रोजी वेस्ट माल्व्हर्न येथे नव्वदाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पुत्र जॉन लुईस यांनी वडिलांच्या टिपणांसह १८७९ मध्ये वाढवलेली आवृत्ती काढली. त्यानंतर नातू सॅम्युएल रोमिली रोझे यांनी ते काम पुढे नेले. नातवाला मामांचेच नाव दिलेले पाहून मला बरे वाटले.

मराठी विषयाच्या शिक्षकांशी चर्चा करून आम्ही या वर्षापासून प्रश्नपत्रिकेत थोडा बदल करीत आहोत. सुटा शब्द देऊन समानार्थी शब्द विचारण्याऐवजी संपूर्ण वाक्य देऊन रिकामी जागा ठेवली जाईल, आणि चार समानार्थी शब्दांपैकी तेथे कोणता बसतो हे विचारले जाईल. पहिल्या परीक्षेत काही मुलांचे गुण कमी होतील. पालकांनी शाळेत येऊन जरूर विचारावे. निबंधात ‘उदक’ लिहिणारा तो मुलगा आता नववीत आहे. नव्या पद्धतीचा पहिला नमुना प्रश्न मी त्याच्याकडूनच करून घेतला आहे.