साताऱ्याच्या बिऱ्हाडातल्या लक्ष्मीबाई

मांडलेला संसार नवऱ्याच्या एका निर्णयानं विस्कटतो, म्हणजे काय होतं? लक्ष्मीबाई टिळकांनी हे एकदा नाही, दोनदा सोसलं. त्यातली दुसरी वेळ आपल्या साताऱ्याची.

आधी पहिली वेळ सांगते. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात गोखल्यांच्या घरी ही मुलगी जन्मली. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात मनू. आजोळच्या आजोबांना १८५७च्या बंडात फाशी झाली होती. त्या धक्क्यानं वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं आणि मनूची लक्ष्मी झाली. सासरे तापट. नवरा कवी, मनानं लोण्याहून मऊ, पण लहरी. न सांगता घरातून निघून जायचा आणि महिनोन्‌महिने पत्ता नसायचा. मुलं झाली, त्यातली काही गेली, देवदत्त तेवढा हाती लागला. शिक्षण म्हणाल तर लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलेली अक्षरं, एवढंच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात असं झालं म्हणजे माणूस मेल्यासारखाच. पण इथं तर नवरा जिवंत! कपाळावर कुंकू आहे आणि घर नाही, अशी बाईची गत. लक्ष्मीबाईंचं चित्त ठिकाणावर राहिना. त्या जिवाचं काही बरंवाईट करतील म्हणून घरच्यांचं लक्ष असे. लहानग्या देवदत्ताला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं त्यांनी दिवस काढले, काही काळ पंढरपुरातही. आणि गंमत बघा, याच काळात त्यांना कविता सुचू लागली.

काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे गेल्या, पण ख्रिस्ती व्हायला नाही. आपलं सोवळं, आपली चूल त्यांनी वेगळी ठेवली. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हा त्यांचा मोठेपणा मानायलाच हवा. मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला, ही जात देवानं केली की माणसानं? माणसानंच, असं मनानं घेतलं तशी त्यांनी शिवाशीव सोडली. सोवळ्यापायी घर गांजलेलं पाहत वाढलेली ही बाई! तिला ते किती जड गेलं असेल! १९०० साली राहुरीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत त्या गेल्या, असं म्हणणाऱ्यांनी मधली पाच वर्षं मोजावीत. पुढे त्यांनी दुष्काळातली अनाथ मुलं सांभाळली, प्लेगच्या छावणीत आजाऱ्यांची सेवा केली. ज्यांच्या सावलीला एकेकाळी त्या भ्यायच्या, त्यांनाच आता त्या हातानं पाणी पाजत होत्या.

आता दुसरी वेळ. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार नको, ख्रिस्ती संन्यासी व्हायचं, असं त्यांनी ठरवलं आणि बिऱ्हाड साताऱ्यात आणलं. इथंच त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा. कल्पना फारच मोठी! पण आल्यागेल्याच्या ताटात काय वाढायचं, हा प्रश्न संन्याशाच्या बायकोपुढेच येतो ना? लक्ष्मीबाईंची पन्नाशी जवळ आली होती. पंचवीस वर्षांपूर्वीची लक्ष्मी असती तर कोलमडली असती. आता मात्र संसारही आपला आणि देवही आपला, असं झालं होतं. पण म्हणून त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या हं! नवऱ्याशी कडाकडा भांडणं आणि त्याच्यावर जीव टाकणं, दोन्ही शेवटपर्यंत चालूच होतं.

दरबार जेमतेम दोन वर्षं चालला. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

त्यानंतर लक्ष्मीबाई सतरा वर्षं जगल्या, काही काळ मुलाच्या संसारात दूर कराचीत. ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना सोसलेलं सगळं त्यांनी हसत हसत सांगितलं. १९३४ ते १९३६ मध्ये त्याचे चार भाग निघाले. वाचलं नसेल तर गावच्या वाचनालयात मागाच. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अकरा अध्यायांवर अडलं होतं. ज्या धर्माच्या नुसत्या नावानं एकेकाळी त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, त्या धर्माच्या प्रभूवर त्यांनी पुढचे ६४ अध्याय ओव्यांत रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ग्रंथ छापून आला १९३८ साली. तो हातात घ्यायला दोघांपैकी कुणीच नव्हतं.