वाटाण्याच्या वाफ्यात रमलेले धर्मगुरू : फादर ग्रेगोर मेंडेल

वाटाण्याच्या वाळलेल्या शेंगा सोलताना आतील दाण्यांकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. एखादा पिवळा, एखादा हिरवा, एखादा सुरकुतलेला निघाला तर तो तसाच टोपलीत पडतो. फादर ग्रेगोर मेंडेल मात्र हे दाणे आठ वर्षे पाहत राहिले आणि एकेक करून मोजत राहिले.

त्यांचा जन्म १८२२ साली तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या हिंचित्से या खेड्यात झाला. बाप्तिस्म्याचे नाव योहान. वडील शेतकरी होते. आठवड्यातील काही दिवस त्यांना जमीनदाराकडे वेठीने राबावे लागे. घरच्या फळबागेत आणि मधमाश्यांच्या सहवासात योहान वाढला. १८३८ साली झाडाखाली सापडून वडील जायबंदी झाले आणि शिक्षणाचा आधार तुटला. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या हुंड्यातील वाटा भावाला दिला. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून मेंडेल यांनी ते ऋण फेडले.

१८४३ साली ते ब्रनो येथील संत थॉमस यांच्या अगस्तीनियन मठात दाखल झाले व त्यांनी ग्रेगोर हे नाव घेतले. १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. परंतु रुग्णांच्या व मरणासन्नांच्या शय्येपाशी उभे राहताना हा कोमल मनाचा धर्मगुरू स्वतःच आजारी पडू लागला. मठाधिपती सिरिल नाप्प यांनी ते ओळखले आणि त्यांना शाळेत शिकविण्यास पाठविले. हा निर्णय नाप्प यांनी घेतला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते असे वाटते. शिक्षकाच्या परीक्षेत मात्र मेंडेल १८५० साली अनुत्तीर्ण झाले. त्यानंतर व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञान व वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला, तरीही १८५६ साली दुसऱ्यांदा अपयशच आले.

त्याच वर्षी मठाच्या बागेत, सुमारे ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद अशा तुकड्यात, त्यांचे वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले. वाटाण्याचे फूल मिटलेल्या पाकळ्यांच्या आतच फळते. म्हणून कळी उमलण्यापूर्वीच ती अलगद उघडून त्यातील पुंकेसर काढावेत, दुसऱ्या रोपाचे पराग आत लावावेत आणि बाहेरचा पराग येऊ नये म्हणून फुलावर पिशवी बांधावी, असे हे काम होते. पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या जातींचा त्यांनी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सारे दाणे पिवळे निघाले. हिरवा रंग संपला, असे कोणीही म्हटले असते. मेंडेल यांनी तेच दाणे पेरले. पुढच्या पिढीत ६,०२२ दाणे पिवळे व २,००१ हिरवे मिळाले. हिरवा रंग नाहीसा झाला नव्हता, तो दडून राहिला होता. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांतही तेच तीनास एक हे प्रमाण आढळले. प्रत्येक गुणाचा एक अंश पित्याकडून व एक मातेकडून येतो आणि ते अंश एकमेकांत विरघळून न जाता पुन्हा वेगळे होतात, हा नियम त्यांना सुमारे २८,००० रोपांतून गवसला.

१८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत त्यांनी हे निष्कर्ष ब्रनोच्या निसर्ग अभ्यासक मंडळापुढे वाचले. पुढील वर्षी ते छापले गेले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. म्युनिकचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्याशी त्यांनी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला, पण त्या पत्रांतील मोल नेगेली यांना उमगले नाही. नेगेली यांच्या आवडीच्या हायरॅसियम या रानफुलावर मेंडेल यांनी नंतर श्रम घेतले. त्याची फुले इतकी बारीक, की भिंग व आरशाच्या प्रखर उजेडात काम करून त्यांचे डोळे दुखावले. आणि फळ काय? वाटाण्याचा नियम तेथे दिसेना. या फुलाचे बीज बहुधा परागाविनाच तयार होते, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

१८६८ साली ते मठाधिपती झाले. १८७४ पासून मठावरील नव्या कराविरुद्ध त्यांनी सरकारशी जो झगडा मांडला, तो मृत्यूपर्यंत चालला. तो काहीसा हट्टानेच चालला, असे म्हणावे लागेल. पाहण्याची ओढ मात्र सुटली नाही. मधमाश्यांची पोळी होती, रोजच्या हवामानाच्या नोंदी होत्या. १८७० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रनोवर चक्रीवादळ आले, तेव्हा खिडक्या फोडून आत आलेल्या वस्तू कोणत्या दिशेने आल्या हे पाहून त्यांनी वावटळ कोणत्या बाजूने फिरत होती ते ठरविले!

६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. अंत्यविधीच्या वेळी संगीताचे संचालन लेओश यानाचेक या थोर संगीतकाराने केले. शहराने एका आदरणीय मठाधिपतींना निरोप दिला. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. त्यांचे बरेचसे कागद पुढे जाळण्यात आले.

१९०० साली युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच नियमापाशी पोहोचले आणि जुनी नियतकालिके चाळताना त्यांना मेंडेल यांचा निबंध सापडला. त्यांपैकी कार्ल कोरेन्स हे नेगेली यांचेच शिष्य होते.