खलिफा उमर

अरबस्तानातील मक्का शहरी, कुरैश टोळीतील एका घराण्यात, सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमर यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव खत्ताब. लहानपणी उमर उंट राखीत. पुढे ते लिहिणे-वाचणे शिकले व व्यापार करू लागले. धिप्पाड शरीर आणि तापट स्वभाव यांमुळे त्यांचा मोठा दरारा असे.

महंमद पैगंबरांनी एकेश्वराचा उपदेश आरंभिला, तेव्हा उमर यांनी त्यास कडवा विरोध केला. परंपरा सांगते की, एके दिवशी ते तलवार घेऊन पैगंबरांचा वध करण्यास निघाले. वाटेत त्यांना कळले की, आपली सख्खी बहीण फातिमा हिनेच तो धर्म स्वीकारला आहे. संतापाच्या भरात त्यांनी तिच्यावर हात टाकला. पण तिच्या तोंडावर रक्त दिसताच ते ओशाळले. तिच्याजवळील कुराणाची वचने त्यांनी वाचली आणि त्यांचे मन पालटले.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबर निवर्तले. पहिले खलिफा अबू बक्र यांच्यामागून इ. स. ६३४ मध्ये उमर खलिफा झाले. त्यांच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत सीरिया, इराक, इजिप्त व इराणचा मोठा भाग अरबांच्या सत्तेखाली आला. जेरुसलेम शरण आले, तेव्हा उमर स्वतः तेथे गेले. ख्रिस्ती धर्मगुरू सोफ्रोनियस यांनी आपल्या चर्चमध्येच नमाज पढण्याची त्यांना विनंती केली. परंतु आपले अनुयायी पुढे त्या वास्तूवर हक्क सांगतील, म्हणून उमर यांनी बाहेर येऊन प्रार्थना केली, असे एका जुन्या ख्रिस्ती इतिहासकाराने लिहून ठेवले आहे.

इ. स. ६३९ च्या सुमारास अरबस्तानात घोर दुष्काळ पडला. पाऊस नाही म्हणजे काय, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलांना सांगावयास नको. उपाशी माणसांचे तांडे मदीनेत येऊ लागले. उमर यांनी सीरिया व इराक येथून धान्याचे उंट मागविले आणि अन्नछत्रे उघडली. लोकांना तूप व मांस मिळेपर्यंत आपणही ते खावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. तेलाबरोबर कोरडी भाकर खाऊन त्यांची कांती काळवंडली. भुकेपोटी चोरी करणाऱ्यांची कठोर शिक्षाही त्यांनी त्या काळात तहकूब केली, असे सांगतात.

इ. स. ६४४ मध्ये मदीनेच्या मशिदीत, पहाटेच्या नमाजाच्या वेळी, फिरोज नावाच्या इराणी गुलामाने त्यांच्यावर खंजिराचे वार केले. मृत्युशय्येवरही त्यांनी आपल्या मुलास गादी दिली नाही. नवा खलिफा निवडण्याचे काम त्यांनी सहा जाणत्या पुरुषांवर सोपविले.

पैगंबरांनी इ. स. ६२२ मध्ये मक्केहून मदीनेस प्रयाण केले. त्या वर्षापासून हिजरी सन मोजण्याची पद्धत उमर यांनीच घालून दिली. अमरावतीच्या राजापेठेत घेतलेल्या साध्या पंचांगातही मोहरम, रमजान हे महिने आढळतात, ते याच गणनेतील होत.