चष्मेवाल्याची रायफल

बँकेच्या नोकरीत मी बंदूक हातात घेतली ती दोन-तीनदाच. तीही शाखेच्या पहारेकऱ्याची बाराबोअरची दुनळी, आणि तिच्यावरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी जुळतो की नाही हे पाहण्यापुरती. क्रमांक वाचताना मी चष्मा शोधू लागलो की तो निवृत्त हवालदार मिशीत हसायचा. बंदूक नंतर, आधी नजर, असे त्याचे म्हणणे असे. पुढे थिओडोर रूझवेल्ट यांच्या चरित्राच्या नादी लागलो, तेव्हा हा हवालदार मला वारंवार आठवला.

हे रूझवेल्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले फ्रँकलिन रूझवेल्ट नव्हेत, तर त्यांच्या आधीचे, दूरच्या नात्यातले. जन्म न्यूयॉर्कचा, २७ ऑक्टोबर १८५८ चा. घरात पैसा भरपूर, पण मुलाच्या छातीत श्वास टिकत नव्हता. दम्याने घुसमटणाऱ्या पोराला उराशी धरून वडील रात्र-रात्र येरझाऱ्या घालत. १८७२ च्या सुमारास वडिलांनी त्याला बंदूक घेऊन दिली. बरोबरीची मुले पक्षी टिपत आणि याला मात्र पक्षीच दिसत नसे. एकदा मित्रांनी लांबच्या फलकावरची मोठ्या अक्षरांतली जाहिरात मोठ्याने वाचली. याला अक्षरे तर सोडाच, तिथे काही लिहिले आहे हेही कळले नव्हते. तेव्हा कुठे उलगडा झाला. त्याने वडिलांना सांगितले आणि चष्मा आला. तेरा वर्षे जग धूसरच असते असे समजून चाललेल्या मुलाला झाडाचे पान न् पान दिसू लागले. बंदूक हाती आली नसती, तर डोळ्यांचे दुखणे कळायला आणखी किती वर्षे गेली असती, कोण जाणे.

१४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात, एकाच दिवशी, त्यांची आई आणि तरुण पत्नी वारली. पदरात दोन दिवसांची मुलगी होती. तिला बहिणीच्या स्वाधीन करून रूझवेल्ट पश्चिमेकडे डाकोटाच्या रानात गेले. तिथे त्यांनी गुरांचा धंदा मांडला. चष्मा लावणारा हा शहरी बाबू तिथल्या गुराख्यांच्या थट्टेचा विषय झाला, पण घोड्यावरची मांड आणि हातातली विंचेस्टर रायफल पाहून थट्टा हळूहळू थांबली. धंदा मात्र टिकला नाही. १८८६-८७ च्या हिवाळ्यात बर्फाने गुरांचे कळपच्या कळप मारले आणि गुंतवलेल्या रकमेचा मोठा भाग बुडाला. माझ्यासारख्या बँकवाल्याने ते खाते बुडीत म्हणून बंद केले असते. पण त्या बुडीत खात्यातूनच पुढचा माणूस उभा राहिला.

१९०१ साली अध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष रूझवेल्ट बेचाळिसाव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. १९०२ च्या शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आले आणि आपल्या नातवंडांच्या कुशीतला टेडी बेअर जन्माला आला. त्यांनी सुमारे तेवीस कोटी एकर जमीन वने, उद्याने आणि अभयारण्ये म्हणून राखून ठेवली. याच काळात व्हाइट हाउसमध्ये एका तरुण लष्करी अधिकाऱ्याबरोबर मुष्टियुद्ध खेळताना डाव्या डोळ्यावर ठोसा बसला आणि त्या डोळ्याची दृष्टी हळूहळू गेली. त्यांनी ही गोष्ट अनेक वर्षे बाहेर कळू दिली नाही.

आता येतो तो १९०८ सालचा प्रसंग. पुन्हा निवडणूक लढवायची नाही, पद सोडताच मुलगा कर्मिट याला घेऊन आफ्रिकेला जायचे, असे ठरले होते. देशाचा कारभार पाहता पाहता हा पन्नाशीला टेकलेला गृहस्थ विंचेस्टर कारखान्याशी रायफलींबद्दल पत्रव्यवहार करीत होता. हवी होती ती १८९५ च्या नमुन्याची, जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली लिव्हरची रायफल. घोड्याखालची लोखंडी कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामी पुंगळी बाहेर आणि नवे काडतूस आत. जुन्या रायफलींत काडतुसे नळीखाली एकामागे एक असत, त्यामुळे जोरकस आणि अणकुचीदार गोळ्यांना मर्यादा येई. या रायफलीत ती पेटीत एकावर एक बसत. म्हणूनच तिला १९०४ साली आलेले पॉइंट ४०५ चे काडतूस पेलले. मॅग्नम हे नाव त्याला नव्हते, काम मात्र त्याच जातीचे. दहा मिलिमीटरहून जाड, दीड तोळ्याहून जड गोळी सेकंदाला सुमारे २२०० फूट वेगाने सुटे. असे काडतूस लिव्हरच्या रायफलीत सहसा मिळत नसे.

दस्ता कसा हवा, नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच कशी हवी, हे सारे रूझवेल्टांनी कळवले होते. रायफली आल्या. नव्या खेळण्यासाठी दारात ताटकळणाऱ्या मुलासारखी त्यांनी वाट पाहिली असणार. पण नेमाची जुळणी मनासारखी नव्हती. त्यांनी कारखान्याला संतापाचे पत्र धाडले. वाचताना आधी मला हसू आले. राष्ट्राध्यक्षाने एवढ्याशा माशीवरून चिडावे? मग ध्यानात आले की, एका डोळ्याने काम भागवणाऱ्या माणसाला ती माशी एवढीशी नव्हती. समोर सिंह असताना तिच्यावर स्वतःचा आणि पोराचा जीव टांगलेला राहणार होता.

मार्च १९०९ मध्ये ते निघाले, एप्रिलमध्ये मोंबासाला उतरले. सामानात चष्म्याचे अनेक जोड होते. सिंहांच्या शिकारीत ही रायफल आपल्याला लाभते, अशी त्यांची श्रद्धा बसली. बापलेकांनी मिळून ५१२ प्राणी मारले. बरेचसे स्मिथसोनियन संग्रहालयासाठी होते, तरी हा आकडा माझ्या गळ्याखाली उतरत नाही. कोट्यवधी एकर रान वाचवणारा आणि हा आकडा टिपून ठेवणारा माणूस एकच. माझ्या हिशेबात जमा आणि खर्च जुळत नाहीत, आणि ते ओढूनताणून जुळवावेत असेही वाटत नाही.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकीत एका माथेफिरूने त्यांच्यावरच गोळी झाडली. कोटाच्या खिशात घडी घातलेले पन्नास पानी भाषण होते आणि चष्म्याचे पोलादी घर होते. दोन्ही भेदून गोळी छातीत शिरली, पण तिचा जोर ओसरला होता. ती गोळी शरीरात तशीच ठेवून ते पुढे सहा वर्षे जगले.

पहिल्या महायुद्धात त्यांचे चारही मुलगे लढायला गेले. त्यांना तसे घडवले होते बापानेच. १४ जुलै १९१८ रोजी धाकटा क्वेंटिन फ्रान्सच्या आकाशात विमानासह पडला. वय वीस. ज्या घरी एकेकाळी नव्या रायफलींचे बेत रंगत, त्याच घरी आता मुलाच्या बातमीची वाट पाहिली गेली, आणि आली ती अशी. पुढे सहा महिनेही झाले नाहीत तोच, ६ जानेवारी १९१९ रोजी, साठाव्या वर्षी रूझवेल्ट झोपेतच गेले.

या शतकाच्या सुरुवातीला तीच रायफल, त्याच पॉइंट ४०५ मध्ये, पुन्हा बाजारात आली आणि हौशी लोकांनी तिची पुन्हा वाट पाहिली. त्यांची हौस मला समजते. पण न्यूयॉर्कला त्यांच्या जन्मघरी ते भोक पडलेले चष्म्याचे घर जपून ठेवले आहे. कधी जाणे झाले, तर मी आधी ते पाहीन. माझ्या हवालदारालाही ते पटले असते.