शिशिरकुमार मित्र

नोव्हेंबर महिन्यात काही रात्री सिंह राशीच्या दिशेकडून उल्का पडताना दिसतात. १९३३ साली लोक असाच उल्कावर्षाव पाहत असताना, कलकत्त्यातील एक प्राध्यापक आपल्या सहकाऱ्यांसह यंत्रांच्या साहाय्याने त्याच आकाशाचा वेध घेत होते. ते होते शिशिरकुमार मित्र.

शिशिरकुमारांचा जन्म २४ ऑक्टोबर १८९० रोजी झाला. वडील शिक्षक होते. आई भागलपूरच्या रुग्णालयात डॉक्टर होती. वडील अकाली वारले, तेव्हा संसाराचा सारा भार आईवर पडला. तरी तिने मुलाच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. कलकत्त्यास शिशिरकुमारांना जगदीशचंद्र बसूंसारखे गुरू लाभले. पुढे पॅरिस येथे त्यांनी १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर त्यांनी कलकत्ता विद्यापीठात बिनतारी संदेशविद्येचे अध्यापन व संशोधन सुरू केले.

सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील हवेचे स्वरूप त्यांना जाणून घ्यावयाचे होते. पण तेथे जावे कसे? फुगे इतक्या उंचीवर पोहोचत नसत आणि अग्निबाणांचे युग अजून उजाडले नव्हते. म्हणून मित्रांनी रेडिओलहरींनाच आपले दूत केले. वर पाठविलेल्या लहरी विद्युद्भारित हवेच्या थरावर आदळून परत येत व तेथील वार्ता सांगत. १९३३ च्या उल्कावर्षावात त्या थरातील विद्युद्भार वाढल्याचे त्यांना आढळले. उल्का केवळ जळून जात नाही. ती हवेवर आपली खूण ठेवते, हे त्यातून दिसून आले.

ही खूण पुढे फार मोलाची ठरली. उल्केच्या मागे विद्युद्भारित हवेची एक रेषा उरते आणि वारा तिला वाहून नेतो. तिच्यावरून परतलेल्या रेडिओलहरीची कंपनसंख्या किंचित बदलते. रेषा आपल्याकडे येत असेल तर ती वाढते, दूर जात असेल तर घटते. या फरकावरून वाऱ्याचा वेग काढता येतो. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अशी मोजणी केली. पुढे केरळातील थुंबा येथेही असे रडार उभे राहिले.

वातावरणाच्या वरच्या थरांविषयीचे सारे ज्ञान मित्रांनी एका बृहद्‌ग्रंथात एकत्र केले. तो १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देशोदेशीच्या अभ्यासकांनी तो आधारभूत मानला. १९५८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरविले. १३ ऑगस्ट १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

उल्केचे तेज क्षणभर टिकते. परंतु त्या क्षणाचाही अर्थ लावणाऱ्या जिज्ञासू माणसाचे कार्य पुढच्या पिढ्यांना वाट दाखवीत राहते.